जिप्सीचं फॅब्रिकेशन घरीच करायचंय, १५ हजारात कुठलं वेल्डिंग मशीन घेऊ? (इंदूर)

जिप्सी_लोकमान्यनगर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००७ ची जिप्सी आहे, पावसाळ्यात चोरल, जानापाव, सिमरोल घाट या बाजूला नेतो. मागच्या जुलैत एका नाल्यात दगडावर गाडी बसली आणि दाराखालची पट्टी पूर्ण आत गेली. त्याच्याआधी बाहेर एका ठिकाणी टो हुक वेल्ड करून घेतला होता, तो पहिल्याच खेचण्यात वेल्डसकट निघून आला. वरून वेल्डचे मणी एकदम छान दिसत होते पण आत काही धरलंच नव्हतं. मागे उभा असलेला मित्र थोडक्यात वाचला. तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपल्या गाडीचं काम आपणच शिकून करायचं.

करायचंय काय तर दोन्ही बाजूला रॉक स्लायडर (दाराखालचे संरक्षक पाइप), इंजिनखाली ४ एमएमची स्किड प्लेट आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजलाय त्याला पॅच. घरी सिंगल फेज आहे, पोर्चमध्ये काम करीन. बजेट सगळं मिळून १५. सियागंजमध्ये चौकशी केली तर एक जण म्हणतो २०० अँपची इन्व्हर्टर आर्क (रॉडने वेल्ड करायची) घ्या, दुसरा म्हणतो थ्री इन वन मिग (आपोआप वायर सोडणारी) घ्या, गॅसची गरज नाही. कुणी वापरलंय का यातलं काही?

पीथमपूर_शिफ्ट
दादा, मशीनच्या आधी जाडी बघा. स्लायडर आणि स्किड प्लेट ३-४ एमएमचं काम आहे, फ्लोअरचा पत्रा १ एमएमच्या आसपास. दोन्ही एकाच स्वस्त मशीनवर चांगलं होत नाही, आणि जीव ज्याच्यावर आहे ते जाड काम आहे, तर पैसा आधी तिकडे लावा. डीसी इन्व्हर्टर आर्क घ्या, पत्र्याचं नंतर बघता येईल.

आता २०० अँपचं. डब्यावर २०० लिहिलंय म्हणून २०० मिळतात असं नसतं. रॉड वेल्डिंगला व्होल्टेजचा हिशोब असा, २० अधिक अँपच्या ०.०४ पट, म्हणजे २०० अँपला २८ व्होल्ट, झाले ५६०० वॅट नुसते आर्कमध्ये. मशीनच्या मागच्या पट्टीवर इनपुट २३० व्होल्ट १६ अँप लिहिलेलं असेल तर ते होतात ३७०० च्या आत, मग ५६०० कुठून येणार? दुकानात उभं राहून मोबाइलवर गुणाकार करा, निम्मी मशिनं तिथेच गळतात. दुसरं बघायचं ड्यूटी सायकल. १६० अँपला ६०% म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं चालेल, ४ मिनिटं थंड होऊ द्यायची, आणि तेही बाहेरची हवा ४० डिग्रीपर्यंत धरून. आपल्याकडे मे महिन्यात ४२ पर्यंत जातं. म्हणून खरोखर १६० देणारं मशीन घ्या आणि १०० वर चालवा. तुमच्या कामाला ६०१३ नंबरचा (साधा, सोपा) २.५ एमएम रॉड ७०-९० वर आणि ३.१५ चा १००-१३० वर, ह्याच्या पुढे जायची वेळच येणार नाही. रॉडला आपण नशीबवान, डी अँड एच सेचरॉन इंदूरचीच कंपनी.

७०१८ नंबरच्या रॉडच्या मागे आत्ता लागू नका, तो रॉड ओल धरतो, भट्टीत वाळवून वापरावा लागतो आणि स्वस्त मशीनवर पेटायलाच त्रास देतो. मणी छान पण आत धरलं नाही हे बहुतेक अँप कमी ठेवल्याने किंवा रंग-गंज न घासता वर मारल्याने होतं. आधी भंगारातले ४ एमएमचे तुकडे आणा, टी जॉइंट एकाच बाजूने वेल्ड करा, वाइसमध्ये धरून हातोड्याने उलटा वाकवा. मुळातून उघडलं तर आत गेलेलं नाही. असे २०-२५ तुकडे न तुटता वाकले की मग गाडीला हात लावा, त्याच्या आधी नको.

दांडिया_बाजार
मी बडोद्याचा. जरा वेगळं मत, फ्लोअरच्या पत्र्याला रॉड म्हणजे भोकं पाडणं आहे. मी जुन्या बोलेरोचा फ्लोअर गॅसलेस मिगवर केलाय, ०.८ ची फ्लक्स कोअर (आत पावडर भरलेली) वायर. सलग ओढायचं नाही, टाका मारा, थांबा, लांब दुसरीकडे टाका मारा, पत्रा ताणला जात नाही. पोर्चमध्ये वारा असतो, गॅसवाल्या मिगचा गॅस उडून जातो आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात, फ्लक्स कोअरला तो त्रास कमी. पण एक सांगतो, गॅसलेसला टॉर्च निगेटिव्हवर लागते आणि गॅसवर साध्या वायरीला पॉझिटिव्हवर. बऱ्याच मशीनमध्ये आत पट्टी बदलून हे करायचं असतं, दुकानदार सांगत नाही. माझे पहिले तीन दिवस ह्यातच गेले, सगळीकडे नुसत्या ठिणग्या उडत होत्या, शेवटी बदललं आणि त्याच वायरीने लोण्यासारखं चाललं.
स्लायडरचं मात्र पीथमपूरवाल्या भाऊंचं ऐका, १५ हजारातल्या मिगवर ४ एमएमची प्लेट मीसुद्धा केली नसती.

वायरिंग_रामबाग
मशीनवर बोललात सगळे, घराच्या वायरिंगचं कुणीच बोललं नाही. मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, जळालेले सॉकेट रोज बघते. १०० अँपवर वेल्ड करताना आर्कमध्ये २४०० वॅट, पण मशीनचे लॉस आणि खराब पॉवर फॅक्टर धरून लाइनमधून १७-१८ अँप जातात. १६० वर तेच ३० च्या घरात. आणि एसीचं सॉकेट असतं १६ चं. मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची कॉपर लाइन ओढा, ३२ चा एमसीबी आणि इंडस्ट्रियल सॉकेट, अर्थिंग तपासून. लांब पातळ एक्स्टेन्शन तर अजिबात नको, व्होल्टेज पडतं, रॉड चिकटतो, आणि माणूस मशीनला दोष देत बसतो. आणि सँक्शन लोड बिलावर बघा, ३ किलोवॅट असेल तर एसी-गीझर बंद करूनच वेल्डिंग.

२००७ ची जिप्सी म्हणजे एमपीएफआय, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आहे. गाडीवर वेल्ड करताना बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीयूचा प्लग दोन्ही काढा. अर्थ क्लॅम्प वेल्डच्या जागेच्या अगदी जवळ, रंग खरवडून. तो लांब कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो.

पीथमपूर_शिफ्ट
ताईंचं १००% बरोबर. आणि फ्लोअरवर काम करताना कार्पेट, पेट्रोल लाइन, टाकी सगळं बाजूला काढा, पाण्याची बादली आणि एक माणूस बाहेर. पाइप जीआय (जस्त चढवलेला) घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री ताप भरतो. काळा बी क्लास (मध्यम जाडीचा) दीड इंची घ्या, भिंत ३.२ एमएमची येते. ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्ड करू नका, क्लोरिनवाला असेल तर विषारी वायू होतो. त्यापेक्षा ग्राइंडरने घासा.

जिप्सी_लोकमान्यनगर
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. काल सियागंजमध्ये जाऊन पट्ट्या वाचल्या, २०० लिहिलेल्या दोन मशिनांवर खरंच इनपुट १६ अँप होतं. आता ठरवलंय की ७ हजारापर्यंत आर्क मशीन, ऑटो डार्क हेल्मेट, चामड्याचे ग्लोव्हज, आणि उरलेले लाइनवर. पत्र्यासाठी दिवाळीनंतर मिग. दोन प्रश्न. स्लायडरचे पाय चेसिसला थेट वेल्ड करू का? आणि टो हुक पुन्हा वेल्डच करू का?

पीथमपूर_शिफ्ट
पाइप थेट चेसिसला कधीच नाही. आधी ४ एमएमची प्लेट, कोपरे गोल करून, ती चेसिसवर, आणि पाय त्या प्लेटवर. प्लेटच्या चारी बाजू वेल्ड करू नका, चेसिसवर उभी सरळ रेघ मारली की तिथूनच तडा जातो, आडव्या बाजूच वेल्ड करा. टो हुक तर बोल्टनेच, ८.८ ग्रेडचे, चेसिसच्या आतून जाड प्लेट देऊन. स्टीअरिंग, ब्रेक, सस्पेन्शनच्या पाट्यांचे ब्रॅकेट यांना अजून दोन वर्षं हात लावू नका.
समोर मोठा गार्ड लावायचं मनात असेल तर तेही सोडा, असे गार्ड म्हणजे बुलबार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत असं परिवहन मंत्रालयाचं पत्र डिसेंबर २०१७ चं आहे, दंड होतो. स्लायडरसुद्धा बदलच आहे, तो करायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.
पहिले तुकडे वाकवले की फोटो टाका, तुटलेल्या बाजूचे.