गणपतीत पाळी नको, माला-एन चालू आहे, काय करू?

देवगडची_सून:
मुलगा तीन वर्षांचा, दुसरं एवढ्यात नको म्हणून दोन महिने माला-एन घेतेय, आशाताईंनीच दिली. आधी सकाळची मळमळ, मधेच डाग, आता बरंय. पण शेवटच्या सात काळपट गोळ्या नेमक्या गणपतीत येतायत म्हणजे पाळी पण तेव्हाच, आणि मुंबईहून सतरा माणसं येणार, मोदक माझ्याकडे. सासूबाई म्हणतात मेडिकलमधून पाळी लांबवायची गोळी आण. दोन्ही एकदम घेऊ का?

काजूबी:
अगो बाय, दोन्ही कित्याक? माका पण पयले दोन म्हयने मळमळायचा, रात्री जेवल्यावर घेऊक लागलंय तसा बंद झाला.

खाडीपलीकडे:
नर्स आहे म्हणून सांगते. 21 पांढऱ्या गोळ्यांत हार्मोन आहेत, त्यांनी बीज बाहेरच पडत नाही, शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट होतो. काळपट सात नुसत्या लोहाच्या, सवय मोडू नये म्हणून. त्या आठवड्यात हार्मोन थांबतात म्हणून रक्त जातं, ती खरी पाळी नव्हेच. तेव्हा काळपट सोड आणि शेवटची पांढरी घेतलीस की दुसऱ्या दिवसापासून नव्या पाकिटातली पांढरी चालू कर, थोडे डाग दिसले तर घाबरू नको. मेडिकलवाली नॉरएथिस्टेरॉन वेगळी, पाळी लांबवायला जशी घेतात तशी घेऊन गर्भ राहायचा थांबत नाही, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

देवगडची_सून:
बापरे, मला वाटलं एकच. आणि परवा एक विसरले ती?

खाडीपलीकडे:
आठवली की लगेच घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन चुकल्या तर मात्र सात दिवस निरोध वापरा.

सुरुच्या_बनात:
माझं रक्त खूप जायचं, गोळीने कमी झालं, आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो म्हणे डॉक्टर. पण वहिनीला बंद करायला लावली, तिला अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकायचं. बीपी असेल, किंवा पस्तिशीनंतर सिगरेट-बिडी असेल तरी नको, रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, तर गणपती असो नाहीतर काही, थेट दवाखाना. तुझं बीपी बघितलंय ना?

देवगडची_सून:
नाही गं, कोणी मोजलंच नाही. उद्या जादा पाकीट आणायला उपकेंद्रात जातेच आहे, तेव्हा आधी मोजून घेते.