मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधीच जांभळ्या पडत आहेत – मदत हवी आहे

पुण्यात आमच्या गच्चीवर 12 इंची कुंडीत बटमोगरा आहे. जानेवारीअखेर त्याची छाटणी करून, उरलेली पाने काढून आणि आठवडाभर पाणी तोडून नंतर शेणखत घातले, त्यामुळे फाल्गुन लागताच नव्या फुटीवर भरपूर कळ्या आल्या. परंतु निम्म्या कळ्या टपोऱ्या होण्याआधीच जांभळट पडून सुकतात. त्यांतली एक नखाने उकलून पाहिली, तेव्हा आत बारीक हिरवट अळी आणि भुशासारखी विष्ठा आढळली. बिघडलेल्या कळ्या मी रोज खुडतो. पाच मिली निंबोळी तेल व थोडे साबणपाणी एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारले, तर उमललेल्या फुलांचा वास बिघडेल का? (देवपूजेची फुले आहेत, म्हणून रासायनिक औषध नको.) फवारणी किती दिवसांनी पुन्हा करावी, हेही अनुभवींनी कृपया सांगावे.