गरीब वस्तीतली शाळा सुधारायची तर अख्खी शाळाच बदलावी लागते. पटतंय का?

बाल्टिमोरकर:
अमेरिकेतल्या शहरांमधल्या गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळांबद्दल बोलतोय. एखादं नवं पुस्तक, एखादा जादा तास याने तिथे काही होत नाही हे माझं ठाम मत. १९८७ ला इथे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रॉबर्ट स्लाविन आणि नॅन्सी मॅडेन यांनी 'सक्सेस फॉर ऑल' ही अख्खी शाळा बदलायची योजना सुरू केली. रोज ९० मिनिटं फक्त वाचन, तेवढ्या वेळापुरती पोरं इयत्तेप्रमाणे नाही तर ज्याला जितकं वाचता येतं त्याप्रमाणे बसणार, दर आठ आठवड्यांनी तपासून गट बदलणार आणि जो मागे पडला त्याला रोज २० मिनिटं एकट्याला घेऊन शिकवणार. मी एका शाळेत दोन वर्षं आठवड्यातून एकदा मदतीला जायचो, पहिलीतला एक मुलगा अक्षराखाली बोट धरून "स्स... ॲ... ट" करत बसायचा आणि एक दिवस एकदम "सॅट!" म्हणून माझ्याकडे बघितलं त्याने. तो चेहरा विसरत नाही.

जुनी_शिक्षिका:
दादा, तो मुलगा त्या २० मिनिटांमुळे शिकला, अख्ख्या योजनेच्या पॅकेजमुळे नाही. मी असल्याच एका योजनेत (नाव नको) सात वर्षं शिकवलंय. हातात टायमर आणि काय बोलायचं ते छापून दिलेलं. एक मुलगी खिडकीतल्या कबुतराच्या पिल्लांबद्दल सांगायला लागली, मला तिला थांबवावं लागलं कारण पुढचा भाग सुरू करायची वेळ झालेली.

बाल्टिमोरकर:
पण ताई, सक्सेस फॉर ऑलमधे तर आधी शिक्षकांचं गुप्त मतदान व्हायचं, ८०% हो म्हणाले तरच शाळा घ्यायचे. आणि २००७ चा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा ३५ शाळा वाटून घेतल्या, काही योजनेत, काही योजनेबाहेर, तीन वर्षांनी योजनेतली मुलं वाचनात पुढे होती.

जुनी_शिक्षिका:
आमच्याकडे मतदान झालं तेव्हा मुख्याध्यापिका त्याच खोलीत बसलेल्या. कोण नाही म्हणणार?

टेनेसीवाला:
आमच्या टेनेसीतल्या मेम्फिस शहराचं बघा ना. १९९५ पासून तिथल्या शाळांना असे अख्खी शाळा बदलायचे मॉडेल घ्यायला लावले, वरचा अधिकारी बदलला आणि २००१ ला सगळं बंद. त्यापेक्षा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ ला न्यू हेवन शहरातल्या शाळांमधे केलं ते मला पटतं, आधी आईवडील आणि शिक्षक एका टेबलाशी बसवले, मुलाच्या घरचं काय चाललंय ते बघितलं, मग अभ्यास. भाडं थकलं म्हणून वर्षात दोनदा घर बदलणाऱ्या पोराचा गट कितीही तपासा, ते पोर तिथे असायला तर पाहिजे.

दादरची_मी:
आपल्या मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेनेही इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणेच गट केले की, त्यासाठी अख्खी शाळा नाही बदलावी लागली.

बाल्टिमोरकर:
कोमरचं मान्य, पण तेही पूर्ण शाळाच बदलणं झालं ना. आणि ताई, तुमच्याकडे एकेकट्याला शिकवणारं कुणी होतं का?

जुनी_शिक्षिका:
पहिली दोन वर्षं होती एक बाई. पैसे कमी पडले तेव्हा सगळ्यात आधी तिलाच काढलं. टायमर राहिला.

बाल्टिमोरकर:
मग त्याला पूर्ण शाळा सुधारणं म्हणताच येणार नाही, अर्धवट केलेलं ते.

जुनी_शिक्षिका:
अहो पण मुलांच्या वाट्याला तेच आलं ना.