१ टीबीची हार्ड डिस्क, दिसतात ९३१ जीबी. फसवलं का मला?

पंचवटीकर: लग्नाचे फोटो काढतो. दिवाळीनंतरच्या तारखांसाठी एमजी रोडवरून १ टीबीची डिस्क आणली. विंडोजमध्ये लावली तर ९३१ जीबी! दुकानदाराशी चांगलंच वाजलं. तो म्हणे, "सगळ्यांना तेवढीच दिसते, साहेब." ६९ जीबी म्हणजे माझं एक अख्खं लग्न, हळदीसकट. बदलून मागू का?

सिडकोवाला: मागू नका, डिस्क पूर्ण आहे. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट. विंडोज १०२४ ने भागतं. कॅल्क्युलेटर घ्या, त्या आकड्याला तीनदा १०२४ ने भागा: ९३१.३ येतं. लासलगावचा ढीग किलोत मोजा नाहीतर जुन्या शेरात, कांदा तेवढाच. खरं तर १०२४ वाल्या मापाला १९९८ पासून गिबीबाइट असं वेगळं नाव आहे, पण विंडोज अजून जीबीच लिहितं. घोळ तिथेच. मॅकवर लावलीत तर हजाराच्याच हिशोबाने दिसेल.

पंचवटीकर: तीनदा भागलं, बरोब्बर आलं. उद्या दुकानदाराला चहा पाजावा लागणार. आता हेही सांगा, नेट १०० एमबीपीएसचं, तरी १ जीबीचा अल्बम पाठवायला दीड मिनिट का?

सिडकोवाला: तो 'बी' बिटचा. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. ८० सेकंद तर लागणारच. अपलोडला दीड मिनिट म्हणजे तुमची लाइन झकास आहे, राव!