पार्किंगमधला कुंईऽऽ आवाज

*सोमवार*

देशमुख वहिनी, ए-१०३: नमस्कार. रोज पहाटे पावणेसहाला पार्किंगमधून कुंईऽऽ आवाज येतो. गाडी कोणाची ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही. रॅम्प आमच्या बेडरूमच्या बरोबर खाली आहे. सासूबाई दचकून उठतात, मग दिवसभर डोकं धरून बसतात. मागच्या महिन्यातही लिहिलं होतं.

सचिन, बी-६०२: वहिनी, गाडी माझीच. चाकणला पहिली शिफ्ट असते. मुद्दाम करत नाही हो, ॲक्सिलरेटर दाबला की येतो आवाज.

देशमुख वहिनी: मुद्दाम करता असं म्हटलंच नाही. पहाटे रेझ करू नका, एवढंच.

महेश, बी-३०४: सचिन, रॅम्पवर ढकलायला मी येतो 😄

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला. आणि महेश, तुमचं दोन तिमाहींचं मेंटेनन्स बाकी आहे.

महेश: हे ग्रुपवर लिहायची गरज होती का साहेब? चेक खजिनदारांकडे दिलाय, विचारा त्यांना.

सचिन: गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. एक राउंड मारून तिथले म्हणाले, गिअरबॉक्स गेला, ओव्हरहॉल करा, ४२ हजार. २०१६ ची पेट्रोल गाडी, एवढे घालायचे का तेच कळत नाही.

नाना, सी-२०१: सचिन, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नकोस. गाडी उभी, न्यूट्रल, आणि रेझ केलीस तर आवाज येतो का?

सचिन: येतो नाना. रेझ करू तशी आवाजाची पट्टी चढत जाते.

नाना: मग गिअरच्या दात्यांचा काय संबंध? न्यूट्रलमध्ये त्यांच्यावर लोडच नसतो. दाते झिजले की गाडी ओढायला लागल्यावर आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की बदलतो. आता क्लच पूर्ण दाबून, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवून, रेझ कर. आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघू. तसाच राहिला तर दोष इंजिनाच्या बाजूला आहे. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये आम्ही पाना हातात घ्यायच्या आधी कान लावायचो.

देशमुख वहिनी: नाना, ही टेस्ट दिवसा करायला सांगा. पहाटे रेझ नको.

काकू, सी-५०१: आवाजाचा विषय निघालाच आहे तर ए विंगच्या पांढऱ्या गाडीच्या रिव्हर्स हॉर्नचंही बघा. रात्री अकराला भजन वाजतं.

ए-४०४: काकू, खाली मुलं खेळतात म्हणून लावलाय तो. तुमच्या कुंड्यांचं पाणी माझ्या बॉनेटवर पडतं, ते मी कधी लिहिलं नाही.

काकू: आता लिहिलंत ना!

सेक्रेटरी: दोघांनी रविवारी ऑफिसमध्ये या. इथे नको.

सचिन: नाना, क्लच दाबूनही तसाच आहे. एसी आणि हेडलाइट लावले की वाढतो.

महेश: गाडी धुणारा बॉनेट उघडून पाइप मारतो, पाणी गेलं असणार. मी केव्हापासून सांगतोय त्याला बदला.

नाना: महेश, गरिबाच्या पोटावर का उठतोस? आधी सिद्ध होऊ दे. सचिन, लाइटला वीज देणारा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो आणि एसीचा कॉम्प्रेसरही त्याच बेल्टवर. म्हणून एसी बंद ठेव आणि फक्त लाइट, ब्लोअर लाव. तरी वाढला तर अल्टरनेटरवर संशय. तुझं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, म्हणजे बेल्टवर स्टिअरिंगचा पंप नाही, तो संशयातून सुटला.
उद्या मेकॅनिककडे बेल्ट काढून घे आणि क्षणभर इंजिन चालू करून लगेच बंद कर. पाण्याचा पंपही त्या बेल्टवर असला तर इंजिन तापेल, म्हणून जास्त वेळ चालवायचं नाही. आवाज थांबला की एकेक पुली हाताने फिरवायची. बेअरिंग गेलेलं असेल तर बोटांना कळतं.

देशमुख वहिनी: आणि तोपर्यंत पहाटे रेझ नको, प्लीज.

सचिन: वहिनी, उद्या कंपनीच्या बसने जातो. सासूबाईंना सांगा.

*बुधवार*

सचिन: नाना, तुम्ही म्हणालात तेच निघालं. बेल्ट काढला आणि आवाज बंद. बेल्टला नुसता आधार देणारी आयडलर पुली गुळगुळीत फिरली. अल्टरनेटरची फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. मला स्वतःला फिरवून बघायला दिली. अल्टरनेटरची दोन्ही बेअरिंग बदलली. बेल्टला आडव्या भेगा होत्या, तोही नवा टाकला. सगळं मिळून २,६०० रुपये. चार्जिंग १४.१ व्होल्ट दाखवतंय.

नाना: चार्जिंग बरोबर आहे. बेल्ट बदललास ते फार बरं केलंस. ते बेअरिंग जाम होऊन खंडाळ्याच्या घाटात बेल्ट तुटला असता म्हणजे बॅटरी उतरली असती आणि बायकोपोरांना घेऊन रस्त्यावर उभा राहिला असतास.

देशमुख वहिनी: आज पहाटे आवाज नव्हता. सासूबाई सातपर्यंत झोपल्या. सचिन, धन्यवाद. बाकीच्यांनीही पहाटे रेझ करू नये ही विनंती.

ए-४०४: नाना, माझ्या गाडीला फक्त रिव्हर्समध्ये असाच आवाज येतो. दाखवू का?

नाना: नको. पुढच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, रिव्हर्सचे बहुतेक गाड्यांत सरळ. म्हणून रिव्हर्स गातोच.

काकू: वर हॉर्नही गातो.

महेश: नाना, माझ्या गाडीत ६० च्या पुढे घुंऽऽ येतो. ॲक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला, तरी चालूच.

नाना: म्हणजे तुझा आवाज चाकाच्या वेगाबरोबर जातोय. मोकळ्या रस्त्यावर हलकं डावीकडे वळताना वाढतो का?

महेश: हो. उजवीकडे वळताना कमी होतो.

नाना: डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. उजव्या बाजूचं व्हील बेअरिंग बघावं लागेल. आधी टायरवर तळहात फिरव, खड्डे-उंचवटे लागले तर टायरचाही आवाज असू शकतो. हे लांबवू नकोस. शनिवारी जॅक घेऊन ये खाली, चाक हलवून बघतो.

सेक्रेटरी: जॅक सपाट जागेवर लावा, रॅम्पवर नको. आणि महेश, चेक मिळाला. ग्रुपवर लिहायला नको होतं माझ्याकडून.

महेश: ठीक आहे साहेब. नाना, शनिवारी दहाला येतो.