ध्यानाला बसण्यासाठी शरीर कसं तयार केलंत? नाशिककरांनो, अनुभव लिहा

नमस्कार मंडळी, इगतपुरीचं धम्मगिरी आपल्याला इतकं जवळ, की नाशकात ओळखीपाळखीत कुणीतरी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेलं असतंच. श्वास, मन, संवेदना यावर सगळे भरभरून बोलतात, पण चौथ्या दिवसापासून अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात, दिवसातून तीनदा तासभर न हलता बसायचं, ते कमरेला आणि गुडघ्यांना कसं झेपलं हे फारसं कुणी सांगत नाही. माझा नंबर लागलाय म्हणून विचारतेय. बैठक आधीचे काही महिने घरातच घडते असं माझं मत आहे, त्यामुळे भाजी निवडणं, पेपर वाचणं, जेवण सगळं आता खाली मांडी घालून चालू आहे आणि मधे मधे वरचा पाय खाली घेते, नाहीतर एकच बाजू मोकळी होते. तुम्ही काय केलंत ते सविस्तर लिहा.

अंबड एमआयडीसीतून
मशीनवर आठ तास उभं राहायचं काम, त्यामुळे मांडीच्या मागच्या शिरा कायम ताठ आणि मांडी घातली की गुडघे वर छातीकडे. मला खरा फरक पडला तो बुडाखालच्या उंचीने. जुन्या घोंगडीची घट्ट घडी करायची आणि तिच्या फक्त पुढच्या काठावर बसायचं, पूर्ण वर चढायचं नाही. असं केलं की कंबर आपोआप किंचित पुढे झुकते, गुडघे खाली जमिनीकडे येतात आणि पाठ ताठ ठेवायला जोर लावावा लागत नाही. तरी एक गुडघा अधांतरी राहतोच, त्याच्याखाली नॅपकिनची घडी सारतो, कारण लोंबकळणारा गुडघा दहा मिनिटांत जांघेत दुखायला लागतो. बसायच्या आधी घोटे गोल फिरवणं, पवनमुक्तासन (पाठीवर झोपून गुडघे पोटाशी घेणं), फुलपाखरू (तळवे एकमेकांना जुळवून गुडघे बाजूला सोडून बसणं), बास. फुलपाखरू करताना हाताने गुडघे दाबू नका बरं का, ते आपल्या वजनाने जातील तेवढेच जाऊ द्या.

गंगापूर रोड, योगशिक्षिका
वरच्या दादांचं अगदी बरोबर. गुडघा मुळात दाराच्या बिजागरीसारखा, एकाच दिशेने उघडझाप करणारा सांधा, गोल फिरायचं काम खुब्याचं. खुबा आखडलेला असताना पद्मासन ओढूनताणून घातलं की ती पीळ गुडघ्यावर येते आणि तिथे इजा होते. म्हणून आधी खुबे, घोटे, मग मांडी. आणि पद्मासन हवंच असं कुणी सांगितलं? पतंजलींनी कुठल्या एका आसनाचं नावसुद्धा घेतलेलं नाही, योगसूत्रांच्या साधनपादातलं 46 वं सूत्र एवढंच, स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल करा म्हणून सांगितलंय. पायाला मुंग्या येणं बहुतेकदा नस दाबली गेल्यामुळे असतं, बैठक बदलली की जातं, फक्त उठताना घाई नको, बधिर पायावर उभं राहिलं की घोटा मुरगळतो. पण गुडघ्यात आतून टोचल्यासारखं दुखत असेल तर ते सहन करायचं नाही, पाय सोडवायचा.

निफाडकडून
आमचा प्रॉब्लेम पायांचा नाहीच, शेतातला माणूस उकिडवा कितीही वेळ बसतो. पण द्राक्षाच्या थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) आणि डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) दिवसभर हात वर, मान वर, मग रात्री ध्यानाला बसलं की खांदे कानापर्यंत चढलेले असतात. मी मांडीवर उपरण्याची गुंडाळी ठेवतो आणि तिच्यावर तळहात टेकवतो, हातांचं वजन खांद्यांनी ओढायचं थांबलं की मान सुद्धा सुटते. हे कुणीच सांगत नाही म्हणून लिहिलं. थंडीत आमच्याकडे पहाटे हाडं गोठतात, तेव्हा आधी खळ्यात चार फेऱ्या मारून अंग गरम करतो आणि गुडघ्यांवर चादर घेऊनच बसतो.

पंचवटीतून, निवृत्त शिक्षिका
माझे दोन्ही गुडघे झिजलेत, डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलीय, म्हणून मी खुर्चीवर बसते आणि त्यात काही कमीपणा नाही. शिबिरातही अडचण असलेल्यांना खुर्ची मिळते. फक्त खुर्ची कडक सीटची हवी, सोफा नको. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, माझ्या उंचीला देवघरातला पाट बरोबर पुरतो. पाठ टेकायची नाही, फार थकवा आला तर कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची वळकटी. दुपारी जेवल्यावर बसू नका, पोट भरलेलं असलं की पाठ वाकतेच.

धागाकर्ती
किती उपयोगाचं लिहिलंत सगळ्यांनी! नॅपकिन आणि उपरणं आज रात्रीच करून बघते. उशीचं कुणी सांगाल का, बाजारातली फोमची घ्यावी का?

अंबड एमआयडीसीतून
फोम नको ताई, थोड्या वेळात दबून जमिनीला टेकतो. गादीवाल्याकडून कापूस ठासून गोल उशी करून घ्या, बसल्यावर चार बोटं उंची उरली पाहिजे असं त्याला सांगा.