अनुभव धागा : समोर असून दिसत नाही ते

पेठेतला : गोरिल्ल्याचा व्हिडिओ परत फिरायलाय, जुनं डोक्यात आलं म्हणून धागा काढला. सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग, 1999. दोन गट चेंडू फेकतात, पांढऱ्या शर्टवाल्यांचे पास मोजायला लावतात, मधनं गोरिल्ल्याचं सोंग घेतलेला माणूस छाती बडवून जातो आणि आणि निम्म्या लोकांना दिसतच नाही. काळ्या शर्टवाल्यांचे मोजायला सांगितले की जास्त जणांना दिसतो, गोरिल्लाही काळाच ना. तुमच्या कामात काय सुटतं, का, उपाय काय, तेवढं लिहा.

शिरोली_फौंड्री : ब्लोहोल (ओतलेल्या पीसमधली हवेची भोकं) शोधायला बसवलेल्याला ब्लोहोलच दिसतात. अख्खी रिब (आधाराची पट्टी) आली नसली तरी पीस ओके. म्हणून दोन फेऱ्या: आधी नमुन्याच्या मास्टर पीसशेजारी ठेवून नुसता आकार, मग तिरक्या उजेडात पृष्ठभाग. आणि खराब माल जितका कमी, तितका जास्त सुटतो. वुल्फ यांच्या 2005 च्या प्रयोगात निम्म्या चित्रांत शोधायची वस्तू होती तेव्हा 7 टक्के सुटल्या, शंभरात एकातच होती तेव्हा 30. लॉटमध्ये चार-पाच रिजेक्ट पीस पंचची खूण मारून मिसळा. संध्याकाळी मोजून परत काढा, न्हाईतर गिऱ्हाइकाकडं जातील 😄

तांबडा_पांढरा : आणि त्याला ते बरोब्बर दिसतील.

एक्सरे_खोली : 2013 मध्ये फुप्फुसाच्या सीटीत गाठीच्या 48 पट मोठा गोरिल्ला चित्रात घातला होता. 24 पैकी 20 रेडिओलॉजिस्टना दिसला नाही. त्यातल्या बहुतेकांची नजर त्याच्यावरनंच गेलेली! पहिली गाठ सापडली की शोध ढिला पडतो, म्हणून क्रम मोडायचा नाही: फुप्फुस, हृदय, हाडं, खाली डोकावणारं यकृत.

तांबडा_पांढरा : परवा सीटी हाय वहिनींचा. आता झोप येतीय व्हय.

गुजरी_गल्ली : कोल्हापुरी साज गाठवायला देताना पानं मोजा, 21. नुसती मोजू नका, नावानं म्हणा: चंद्र, शंख, नाग, कासव, मासा... एक पान बदललं तर आकड्यात कळत नाही. आधीचं-नंतरचं वजन आणि फोटो, दोन्ही.

पेठेतला : फोटो मोबाईलवर सरकवून ताडू नका. सरकताना सगळंच हलतं, फरक लपतो. कॉम्प्युटरवर एकाच जागी बाणाच्या बटणानं पुढं-मागं करा, बदललेला भाग उडी मारतो. रेन्सिंक यांनी 1997 मध्ये आलटून पालटून दाखवलेल्या दोन जवळपास सारख्या चित्रांच्या मधे 80 मिलिसेकंदांचा कोरा पडदा घातला, तर तेवढ्यानं लोकं कितीतरी वेळ शोधत बसली.

स्टेअरिंग : ताराराणी चौकात वळताना मान पुढं-मागं करा. पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाआड अख्खी मोटरसायकल मावते. डोळे ट्रक शोधत असले तर उघड्यावरची पण सुटते.

प्रूफवाला : लग्नपत्रिकेत बारीक अक्षरातल्या चुका सापडतात, मोठ्या टाइपातलं नाव सुटतं. खालून वर वाचा, तारीख-वार पंचांगाशी ताडा. बाकी वर धाग्यातच "आणि आणि" झालंय, सगळे वाचून गेले.

पेठेतला : मुद्दाम न्हाई ओ, बसमध्ये टायपलंय.

तांबडा_पांढरा : कुठाय? मला अजून दिसंना.